गाडी रिझर्व्हवर चालवली तर इंजिन खराब होतं का?

आजचा प्रश्न घाटंजीच्या एका दोस्तानं व्हॉइस नोटवर पाठवलाय. तो म्हणतो, "दादा, माझी कार महिन्यातले वीस दिवस रिझर्व्हवरच असते. बाबा रोज ओरडतात, इंजिन बसेल म्हणून. खरं आहे का हे?"

आधी सरळ उत्तर देतो. टाकीत पेट्रोल किती उरलंय, याच्याशी इंजिनाला काही घेणंदेणं नाही. पुरेशा दाबानं पेट्रोल पोचतंय तोवर टाकीत तीस लिटर असो की तीन, इंजिन सारखंच चालतं. मार खातो तो फ्युएल पंप.

आजकालच्या पेट्रोल गाड्यांमध्ये हा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. विजेवर चालतो, म्हणजे तापतो. त्याला थंड कोण ठेवतं? पेट्रोलच. आत वंगणाचं कामही तेच करतं. टाकी रिकामी होत आली की पंप उघडा पडतो. वळणावर किंवा घाटात उरलेलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. एक-दोनदा झालं तर काही होत नाही. पण रोजची सवय असेल, त्यात आपल्या यवतमाळचा मे महिना, तर पंपाचं आयुष्य कमी होतं.

बाईकवाल्यांनो, तुम्हीही ऐका. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल वरून खाली आपोआप उतरायचं, पंप नव्हताच. कॉक फिरवला की रिझर्व्ह चालू. पण एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक बाईक फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. म्हणजे आता तुमच्याही टाकीत पंप आहे.

आता डिझेल. इथं मी माझीच फजिती सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात मामाची डिझेल गाडी घेऊन आजीला यवतमाळहून उमरखेडला सोडायला निघालो. आर्णीला दिवा लागला. डॅशबोर्डवर अजून 70 किलोमीटरचा आकडा दिसत होता. म्हटलं, आरामात पोचतो. पण तो आकडा म्हणजे गाडीचा अंदाज असतो, आधीच्या ॲव्हरेजवरून काढलेला. मी एसी फुल्ल केला, वेग वाढवला. महागावच्या पुढं गाडीनं दोन झटके दिले आणि बंद.

एका भल्या माणसानं कॅनमध्ये पाच लिटर डिझेल आणून दिलं. ओतलं, चावी फिरवली, गाडी ढिम्म! कारण लाइनमध्ये हवा शिरली होती. मिस्त्री येऊन हवा काढेपर्यंत दोन तास गेले. शुगर असलेली आजी तेवढा वेळ बाभळीच्या सावलीत बसून होती. एका शब्दानं बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तरी मी स्वस्तात सुटलो. कॉमन रेल डिझेलमध्ये जास्त दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. तो कोरडा फिरला तर धातूचा बारीक चुरा निघून इंजेक्टरपर्यंत जाऊ शकतो. तो खर्च पेट्रोल पंपाच्या कित्येक पट.

आणि पेट्रोल गाडी पूर्ण संपेपर्यंत ताणली तर? इंजिन मिसफायर होतं, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होऊ शकतो.

"तळाचा गाळ इंजिनात जातो" हे मात्र अर्धंच खरं. पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच ओढतो, आणि मध्ये जाळी, फिल्टर असतात. खरा कचरा येतो तो बाटलीतल्या पेट्रोलमधून. रस्त्यात अडकलो की गावातल्या दुकानातून तेच घ्यावं लागतं ना! त्यात काय मिसळलंय, कोणाला माहीत?

जानेवारी 2024 आठवतो? हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रक-टँकर चालकांचा संप झाला आणि एका दिवसात राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. ज्याची टाकी अर्धी होती तो निवांत होता. रिझर्व्हवाल्याची मात्र पळापळ झाली.

मला माहीत आहे, आपण शंभर-दोनशेचं का टाकतो ते. खिशात तेवढेच असतात. पण हिशोब करा: किलोमीटरमागं लागणारं पेट्रोल तेवढंच आहे. खाली टाकीनं पैसा वाचत नाही, फक्त पुढं ढकलला जातो. म्हणून एकदाच थोडी कळ सोसा आणि पाव टाकीला "शून्य" समजा. त्यानंतर शंभरचंच टाका, पण काटा पाववर आला की टाका. खर्च तोच, पंप मात्र बुडालेला राहतो.

तर घाटंजीच्या दोस्ता, बाबांचं कारण थोडं चुकलं, सल्ला बरोबर आहे. आज संध्याकाळी त्यांना हा एपिसोड ऐकव, आणि जाताना पंपावरून जा.

भेटू पुढच्या भागात. तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवत राहा. राम राम!