एक पुडी माती



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. पराग आणि सूक्ष्म अवशेष यांवरच्या परिषदेला लोणारहून योग्य जागा महाराष्ट्रात नाही, असे मी ठामपणे म्हणेन. उल्कापाताने बेसॉल्टच्या खडकात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर. चहूबाजूंनी पाणी त्यात उतरते, बाहेर मात्र एकही ओढा जात नाही. काठावरच्या झाडांचे पराग आणि पावसाने धुऊन आणलेली माती हजारो वर्षे तळाशी बसत राहिली. त्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाळात गेल्या ११ हजार वर्षांतल्या पाऊसपाण्याची नोंद सापडली. दैत्यसूदनाचे देऊळ पाहायला येणाऱ्या प्रवाशाला हे कोणी सांगत नाही, म्हणून आज गावकऱ्यांसमोर ते मुद्दाम सांगतो.

परागाचा कण डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे असते आणि ते कमालीचे चिवट असते. प्रयोगशाळेत मातीतली वाळू हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात. ते आम्ल काचही खाते, पण परागाचे कवच शाबूत राहते. स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये थराथरांतले पराग मोजून जुन्या अरण्यांचा आलेख मांडला, तेव्हापासून हे शास्त्र उभे आहे. आपल्याकडे बिरबल साहनी यांनी लखनौत संस्था स्थापन करून त्याला घर दिले.

मोजणी मात्र सरळ नसते. आपल्या सागाचे परागण कीटक करतात, त्यामुळे सागाच्या जंगलातल्या मातीतही सागाचे पराग थोडेच मिळतात. वावळाचे पराग वाऱ्यावर जातात, ते भरपूर मिळतात. गाळात साग दिसला नाही म्हणजे डोंगरावर साग नव्हता, असे म्हणता येत नाही. म्हणूनच लोणारला आज उभ्या असलेल्या झाडांची आणि आजच्या मातीतल्या परागांची सांगड घालणारा स्वतंत्र अभ्यास झाला. असे काम कंटाळवाणे वाटते, त्याला प्रसिद्धी मिळत नाही. पण त्याच्याशिवाय पुढची सगळी विधाने अधांतरी राहतात.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तो आहे इनामगावचा.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या त्या कामाने महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांचे अख्खे गाव आपल्यासमोर ठेवले: घरे, कणग्या, चुली, अंगणात पुरलेली मुले. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून मुकुंद काजळे यांनी तिथली पिके ओळखली. त्यांत जव मुख्य होता. इ.स.पू. १६०० च्या सुमारास वसलेले हे गाव इ.स.पू. ७०० च्या सुमारास उठले. शेवटच्या तीनेकशे वर्षांत मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनी त्याचे कारण असे मांडले की पाऊस घटला, शेती पडली आणि माणसे शेळ्यामेंढ्यांमागे फिरू लागली. हे विवेचन आपण सर्वांनी शिकले आणि शिकवले आहे.

लोणारचा गाळ यावर काय सांगतो? २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन दीर्घ अवर्षणकाळ दिसले: एक सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिला संपला तेव्हा इनामगाव वसायचे होते, आणि दुसरा सुरू झाला तेव्हा ते उठून शतके लोटली होती. गावाचा पडता काळ नेमका या दोहोंच्या मध्ये येतो. दुसरीकडे, गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळातून काढलेला गाळ सांगतो की सुमारे ४,००० ते १,७०० वर्षांपूर्वी द्वीपकल्पावर रुक्षता हळूहळू वाढतच गेली. दोन्ही साक्षी प्रामाणिक आहेत, पण इनामगावबद्दल त्या एकमुखाने बोलत नाहीत. घोडचे पाणी भीमेला आणि भीमेचे कृष्णेला मिळते. लोणारचे विवर आणि गोदावरीचे मुख हे दोन्ही त्या खोऱ्याबाहेरचे. ढवळीकरांचे म्हणणे खोटे ठरले असे मी मुळीच म्हणत नाही. त्याचा निकाल घोडकाठच्या मातीतच लागेल, एवढे मात्र नक्की.

असा निकाल पूर्वी एकदा फिरलेला आहे. १९७० च्या दशकात गुरदीप सिंग यांनी राजस्थानच्या खाऱ्या सरोवरांतले पराग मोजून हडप्पा संस्कृतीचा उत्कर्ष ओल्या काळाशी जोडला. फार मोलाचे काम होते ते. १९९९ मध्ये लुणकरणसर सरोवराचा पुन्हा अभ्यास झाला, त्या गटात आपल्या डेक्कन कॉलेजचे राजगुरू आणि शीला मिश्राही होते. त्यातून दिसले की ते सरोवर हडप्पाची नगरे भरात येण्याच्या बऱ्याच आधी आटले होते. नगरांच्या उत्कर्षाची सोपी सांगड त्यामुळे सुटली आणि शास्त्र पुढे गेले.

तर घोडकाठची माती. इथे एक अडचण आहे. आपल्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती चुन्याची, अल्कधर्मी. हवा लागून पराग तिच्यात लवकर सडतात. म्हणून वस्तीच्या टेकाडात फायटोलिथ अधिक उपयोगी पडतात. गवत आणि तृणधान्ये जमिनीतली सिलिका शोषून पेशीपेशीत साठवतात. झाड कुजले तरी त्या पेशींचे साचे मागे उरतात, आणि कोंडा कशाचा, पेंढा कुठे रचला होता, हे त्यांच्यावरून कळते. शेणावर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू आणि शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यात तयार होणारे चुन्याचे सूक्ष्म गोल कण मिळाले, तर जनावरे कुठे बांधत होते हेही सांगता येते. शेतकरी धनगर झाला का, हा ढवळीकरांचा प्रश्न अशाच पुराव्याने तपासायचा आहे.

आणि स्टार्चचे कण. हरियाणातल्या फरमाणा येथे डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या चमूने उत्खनन केले. तिथल्या हडप्पाकालीन भांड्यांवरून आणि माणसांच्या दातांवरून अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी आले-हळदीचे स्टार्चकण ओळखले आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध केले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या चुलीवर काय शिजत होते, ते मडक्याच्या तळाशी चिकटलेल्या कणांनी सांगितले. हे वाचताना मला अपार आनंद झाला आणि तितकीच हळहळही वाटली. आपल्याकडे खापरे, पाटे, वरवंटे बाहेर निघाले की सायंकाळी बादलीत बुडवून ब्रशने घासण्याची रीत आहे. नक्षी दिसावी म्हणून आपण जेवण धुऊन टाकतो.

म्हणून या परिषदेकडून माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक उत्खननात काही मडकी आणि काही पाटे न धुता, हात न लावता बाजूला ठेवा. प्रत्येक थरातून, कड ताजी खरवडून, एक पुडी माती घ्या, तिच्यावर थर आणि खोली लिहा, आणि ती तपासायला आज कोणी नसले तरी जपून ठेवा. विद्यापीठांना विनंती की सह्याद्री आणि सातपुड्यातल्या झाडांच्या परागांच्या, धान्यांच्या फायटोलिथच्या संदर्भपट्ट्या करून त्या सर्वांना खुल्या ठेवा.

आणि ग्रामस्थहो, पांढरीची माती धाब्यावर आणि शेतात टाकायला नेण्याची चाल जुनी आहे, ती मला ठाऊक आहे. पण जिथे राखेचे थर, जुनी खापरे दिसतील तिथे फावडे थांबवा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयाला कळवा.

उद्या पहाटे आपण सगळे विवरात उतरणार आहोत. उतरणीवर दगड निसरडे आहेत, पाणी सोबत घ्या. आमच्या व्यवस्थेत काही उणे राहिले तर हक्काने सांगा. पुन्हा एकदा आपले स्वागत करतो आणि परिषदाध्यक्षांनी कामकाजास प्रारंभ करावा अशी विनंती करतो.