जपानी घराचा उंबरठा



जपानातून परतलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तिकडचे लोक खरोखरच इतके शिस्तीचे आहेत काय, आणि तुम्ही कच्चे मासे खाल्लेत काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी घरी देऊन चुकलो आहे. ते जाहीर सभेत पुन्हा देत नाही. पहिल्याविषयी मात्र थोडे बोलायचे आहे.

परक्याने जपानी रीतिभाती पाहून चकित व्हावे, हे आजचे नाही. लुईस फ्रॉइस नावाचा पोर्तुगीज जेझुइट पाद्री गोव्यात धर्मगुरूची दीक्षा घेऊन १५६३ साली जपानात पोचला. १५८५ साली त्याने युरोपीय आणि जपानी चालीरीतींतल्या फरकांचे एक टिपणच लिहून काढले. आम्ही घोड्यावर डावा पाय टाकून चढतो, ते उजवा. अशा थाटाची त्यात शेकडो वाक्ये आहेत. त्या गृहस्थाला सगळेच उलटे दिसले. पण गंमत अशी की, युरोपियनाला जे उलटे दिसते ते आपल्याला पुष्कळदा सुलटे दिसते.

घराचेच पाहा. जपानी घराचे दार उघडले की आत थोडी सखल जागा असते. तिला ‘गेंकान’ म्हणतात. तेथे जोडे काढायचे, त्यांची तोंडे दाराकडे वळवून ठेवायची आणि मग वरच्या जमिनीवर चढायचे. साहेबाला याचे नवल, आपल्याला कसले? घरातून बाहेर पडणारा माणूस ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येतो’! आपल्या आईने शिकवलेलेच वाक्य. परत आल्यावर तो ‘तादाइमा’ म्हणतो, आणि आतून ‘ओकाएरी’ असे स्वागत होते. पहिल्या आठवड्यात मला वाटले, आपण आपल्याच माणसांत आलो.

तेथेच फसलो. घरात सपाता घालायच्या. पण तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत त्याही चालत नाहीत. संडासासाठी वेगळ्या सपाता असतात, त्या तेथेच सोडायच्या. मी एके ठिकाणी त्या तशाच घालून सरळ बैठकीत आलो. कोणी अक्षर बोलले नाही. यजमानीणबाईंनी एकदा माझ्या पायांकडे पाहिले आणि चहा ओतला. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते.

स्नानाचेही तसेच. अंग बाहेर बसून साबणाने स्वच्छ धुवायचे आणि मग कढत पाण्याच्या टाकीत उतरायचे. त्याच पाण्यात घरातली सगळी माणसे एकामागून एक बसतात. आपल्याकडचा माणूस हे ऐकून नाक मुरडील. पण मळ पाण्यात न्यायचाच नाही, असा त्यामागचा हिशोब आहे.

तर ‘आत’ आणि ‘बाहेर’ यांच्यामधली रेघ आपल्याला ओळखीची आहे. सोवळेओवळे पाळणाऱ्यांना ती कोणी शिकवायला नको. फरक आहे तो त्या रेघेवरची घाण कोणी काढायची, यात. बहुतेक जपानी शाळांत दिवसाचा ठराविक वेळ सफाईचा असतो. मुले ओल्या फडक्याने वर्ग पुसतात, जिने झाडतात, पुष्कळ ठिकाणी संडासही धुतात. डॉक्टरचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एकाच फडक्याने. आपल्या सोवळ्यात घाण दुसऱ्याने काढायची असते आणि काढणाऱ्याला उंबरठ्याबाहेर उभे करायचे असते.

रस्त्यावर कचरापेट्या फारशा दिसत नाहीत, तरी रस्ते स्वच्छ. याचेही प्रवासी कौतुक करतात. त्यात थोडा इतिहास आहे. १९९५ च्या मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडण्यात आला, त्यानंतर पुष्कळ स्टेशनांवरच्या पेट्या काढल्या गेल्या. लोक कचरा खिशात घालून घरी नेतात. शिस्त म्हणावी तर ती आहेच; पण ती रक्तातून येत नाही.

येथे थांबलो तर टाळ्या मिळतील, हे मला ठाऊक आहे. पण कातडी कमावणारे, जनावरे कापणारे, प्रेतांशी संबंध येणारे लोक त्याही देशात पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानले गेले. १८७१ साली सरकारने हुकूम काढून तो भेद रद्द केला. चेहरा तोच, भाषा तीच. तरी भेद गेला नाही. १९२२ साली क्योतो येथे या मंडळींनी स्वतःची संघटना स्थापली. १९७५ साली उघडकीस आले की, त्यांच्या वस्त्यांच्या नावांच्या याद्या कंपन्यांना विकल्या जात होत्या. नोकरी मागणारा कोणत्या गावचा, ते पाहण्यासाठी. लग्न ठरवतानाही गुप्त चौकशा होत. २०१६ साली या भेदाविरुद्ध संसदेला पुन्हा कायदा करावा लागला. परक्याला यातले काही दिसत नाही, कारण ही रेघ रस्त्यावर काढलेली नसते.

मी एका जपानी स्नेह्याजवळ हा विषय काढला. ‘सोरे वा चोत्तो…’ एवढेच तो म्हणाला. म्हणजे ‘ते जरा…’. जपानी माणूस ‘नाही’ म्हणायचे असले की वाक्य असे अर्धे सोडतो आणि ऐकणाऱ्याने उरलेले समजून घ्यायचे असते. मी समजून घेतले आणि विषय बदलला. पाहुण्याची रीत म्हणून ते ठीकच झाले. परंतु मी आणखी एकदा विचारायला हवे होते, असे मला अजून वाटते.