खोगीर चढवताना घोड्याची चुळबुळ



आमच्या खैरलांजीकडे, वैनगंगेच्या खोऱ्यात, शेतीचा भार पिढ्यानपिढ्या बैलांनी वाहिला. घोडा दिसतो तो बहुधा लग्नसराईत. नवरदेवासाठी त्याला सजवू लागले, की तो पाय आपटतो, कान मागे टाकतो, तंग आवळणाऱ्या हाताला चावू पाहतो. मग कोणी ‘नाठाळ आहे’ म्हणतो आणि चाबूक उगारला जातो. या ‘नाठाळ’ शब्दाविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे.

घोडा हा कळपात राहणारा, भित्रा प्राणी. पळणे हेच त्याचे संरक्षण. दुखले तरी तो कुत्र्यासारखा केकाटत नाही, अंग चोरतो. बायबलमध्ये बलामाची कथा आहे. वाटेत अडणाऱ्या गाढवीला त्याने तीनदा मारले. अखेर तिला वाचा फुटली, आणि मग त्याला उमगले, की तलवार उपसून उभा असलेला देवदूत तिला आधीच दिसला होता. आपल्या घोड्यांना वाचा फुटणार नाही. तेव्हा पाहण्याचे काम आपणच केले पाहिजे.

प्रथम पाठीवरून व तंगाच्या जागेवरून हात फिरवावा. सूज, व्रण किंवा दाबताच कातडी थरथरणे, यांपैकी काही आढळल्यास त्या दिवशी खोगीर चढवूच नये. खोगिराची गादी गोळे होऊन कठीण झाली आहे काय, हे पाहावे. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसभर पाझरत असते. पोट रिकामे राहिले तर तेथे व्रण होतात आणि तंग आवळताच कळ येते. म्हणून आधी थोडा चारा द्यावा. दात व तोंडही तपासावे. खिळे किंवा टोके असलेला लगाम तर १९६५ च्या नियमांनी निषिद्धच आहे. शंका आल्यास पशुवैद्यास दाखवावे.

दुखणे नसेल, तर चुळबूळ बहुधा जुन्या धसमुसळेपणाची आठवण असते. तेथे सराव हाच उपाय. डाव्या खांद्याकडून, बोलत बोलत जवळ जावे. खोगीर आपटू नये. किंचित पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवावे. तंग प्रथम सैल बांधावा, घोड्याला चार पावले चालवावे, मग दोन-तीन वेळा थोडा थोडा आवळावा. तो हलला तर न ओरडता पूर्वीच्या जागी आणावे. स्थिर उभा राहताच हात थांबवून मान चोळावी. स्वार न होता नुसतेच खोगीर चढवण्या-उतरवण्याचा पाठ रोज द्यावा. वर्गातल्या चुळबुळ्या मुलाप्रमाणेच येथेही छडीने भीती वाढते, स्थैर्य येत नाही. ग्रीक लेखक झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच बजावून ठेवले आहे, की घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये.

तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणाऱ्यानेही त्याची चाल पाहण्याआधी त्याच्यावर खोगीर चढवताना पाहावे. माथेरानात मोटारींना बंदी असल्याने आजही अनेक प्रवासी घोड्यावरून जातात. त्यांनीही बसण्यापूर्वी क्षणभर थांबून घोडा कसा उभा आहे ते पाहावे.

वरातीत तर ही काळजी अधिकच हवी. बाजा वाजत असतो, फटाके उडत असतात, पाठीवर नवरदेव आणि त्याच्यापुढे एखादे लहान मूलही असते. तेथे कळ सोसणारा घोडा उधळला, तर अनर्थ होतो. वरात पाच मिनिटे उशिरा निघाली म्हणून मुहूर्त टळत नाही. ती पाच मिनिटे मोतद्दाराला मिळू द्यावीत, आणि त्याला घाई करणाऱ्या वडीलधाऱ्यांना कोणीतरी नम्रपणे थांबवावे.