मुलांचे दात आणि आपण आया
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी मी सतरंज्या घालायला आणि चहाचे कप विसळायला असते. बोलायला उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाई म्हणाल्या, "मुलीच्या दातांसाठी तुम्ही दोन वर्षे खेपा घातल्यात, त्यातले चार शब्द बायकांना सांगा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरी मला येत नाही. पण आपली चूक सांगायला मोठे शिक्षण लागत नाही. ती सांगितल्याने दुसऱ्या कुणाचे मूल वाचणार असेल तर लाज तरी कशाची धरायची?

२०१८ सालची गोष्ट. माझी थोरली तेव्हा सात वर्षांची होती. वरची दुधाची दाढ किडली आणि रात्रभर ठणकू लागली. दाढ राखण्यासारखी उरली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ती काढली. काढल्यावर ते म्हणाले, "इथे एक लहानशी तार बसवून जागा राखावी लागेल." मी विचारले, "दुधाची दाढ ती. आज ना उद्या पडायचीच होती. मग जागा कशाला राखायची?" त्यांनी समजावले, पण माझे लक्ष खर्चाकडे होते. घरी सासूबाईही म्हणाल्या, "आमच्या वेळी कोण तारा बसवीत होते? दात कौलावर टाकला की काम झाले!" आम्ही परत गेलो नाही.

भगिनींनो, चूक झाली ती इथेच. दुधाचे दात वीस असतात. ते केवळ खाण्यासाठी नसतात. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा ते धरून ठेवतात. एस.टी.त आपण बाकावर रुमाल टाकून जागा धरतो ना, तसे. रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसतो. मुलाला सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी पक्की दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे पुष्कळ आयांना तीही दुधाचीच वाटते. पुढची जागा वेळेआधी रिकामी झाली की ही दाढ पुढे सरकते, आणि मागाहून येणाऱ्या दातांना जागा उरत नाही.

आमच्याकडे नेमके तेच झाले. अकरा-बाराव्या वर्षी वरचा सुळा यायचा, तो हिरडीत उंच बाहेर आला. पुढचे दात एकमेकांवर चढले. मुलगी हसताना तोंडावर हात धरू लागली. मला वाटले, मोठी होते आहे, लाजते. पुढे शाळेचा वर्गाचा फोटो घरी आला. सगळ्या मुली हसताहेत आणि ही एकटी ओठ घट्ट मिटून उभी! मी विचारले तेव्हा रडत म्हणाली, "आई, मला सगळ्या राक्षसीण म्हणतात." त्या रात्री मला झोप आली नाही.

नात्यातल्या बायका म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी बघू." मला ते पटले नाही. मुलीचे दात काय फक्त पाहायला येणाऱ्यांसाठी असतात? तिचे जेवण, तिचे बोलणे, तिचे शाळेतले दिवस, हे कुणासाठी?

२०२३ साली आम्ही तिला दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी साचे घेतले, फोटो काढले आणि मला शेजारी बसवून सगळे सांगितले. दातांना जागा करण्यासाठी वरच्या दोन चांगल्या लहान दाढा काढाव्या लागल्या. एक किडकी दाढ गेल्यावर जागा राखली नाही, म्हणून दोन निरोगी दाढा गेल्या. हा हिशेब मी अजून विसरलेले नाही.

मग दोन वर्षे तारा. दर महिन्याला खेप. तार आवळली की दोन-तीन दिवस दात दुखत. तेव्हा मऊ भात, आमटी, शिरा. चिक्की, ऊस, कडक लाडू बंद. पेरू दिला तर फोडी करून. प्रत्येक जेवणानंतर ब्रश, कारण तारांत अन्न अडकते आणि दात किडतात. २०२५ च्या दिवाळीआधी तारा निघाल्या. आता ती रात्री काढता-घालता येणारी पट्टी लावते, कारण सरकवलेले दात पुन्हा जुन्या जागी जाऊ पाहतात. पट्टीचा कंटाळा केला की सगळी मेहनत वाया.

डॉक्टरबाईंकडून एक गोष्ट शिकले. प्रत्येक वाकडा दात तारेने बांधायचा नसतो. इंग्लंडात १९८९ साली डॉक्टरांनी यासाठी पाच पायऱ्यांची एक मोजणी ठरवली. पहिल्या दोन पायऱ्यांवरच्या मुलाला उपचाराची गरज नसते किंवा थोडीच असते, तिसरी पायरी काठावरची, चौथी-पाचवी खऱ्या गरजेची. तेव्हा शेजारच्या मुलीला तारा लागल्या म्हणून आपल्याही मुलीला हव्यात, असे समजू नये.

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पटाशीच्या दातांत फट दिसते. पुष्कळदा सुळे आले की ती आपोआप मिटते. खालचा पक्का दात दुधाच्या दाताच्या मागे उगवतो. पुढचा हलू लागला असेल तर तो पडतो आणि मागचा पुढे येतो. या दोहोंनी घाबरून जाऊ नये. हलतच नसेल तर मात्र दाखवावे.

आता काय पाहायचे ते सांगते. मूल सहा-सात वर्षांचे झाले की त्याला खिडकीशी उजेडात बसवा आणि दाढा मिटून दात दाखवायला सांगा. वरचे दात इतके पुढे आहेत का, की खालच्या दातांपासून साध्या पेन्सिलीएवढे अंतर पडते आणि ओठ सहज मिटत नाहीत? असे दात पडल्या-झडल्यावर आधी मोडतात. खालचा एखादा दात वरच्याच्या बाहेर चावतो का? दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते का? मूल रात्री तोंड उघडे ठेवून श्वास घेते का? घेत असेल तर नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दाखवा. दहाव्या वर्षी वरच्या हिरडीवर, सुळ्याच्या जागी, बोटाला उंचवटा लागतो का? लागला नाही तर सुळा आत आडवा गेला आहे का, हे डॉक्टर फोटो काढून पाहतात. मोठेपणीही तारा लावता येतात, हे खरे. पण जबडा वाढत असताना जे साधते, ते वाढ थांबल्यावर नुसत्या तारांनी साधत नाही. कधी शस्त्रक्रिया करावी लागते.

अंगठा चोखण्याबद्दलही सांगते, कारण माझा धाकटा सहा वर्षांचा होईपर्यंत चोखत होता. सासूबाईंनी अंगठ्याला मिरची लावली, त्याने तोच हात डोळ्याला लावला आणि घरभर रडारड झाली. चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक मुले आपणहून सोडतात. पक्के दात येऊ लागले तरी सवय राहिली, तर दात पुढे येतात. आम्ही रागावणे बंद केले. ज्या रात्री अंगठा तोंडात गेला नाही, त्या दिवशी कालनिर्णयवर तो स्वतः लाल खूण करी. दीड-दोन महिन्यांत सवय सुटली.

खर्चाचे म्हणाल तर तो मोठा आहे, लपवून उपयोग नाही. आम्ही भिशीच्या पैशांवर निभावले. पण मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा कमी पैशांत काम होते. वेळ मात्र काढावा लागतो. आणि सर्वांत स्वस्त उपाय घरातच आहे: दुधाचे दात किडू न देणे. रात्री ब्रश झाल्यावर दूध-बिस्किट नाही, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

माझी मंडळाला एक विनंती आहे. चैत्राच्या हळदीकुंकवाला आपण जमतोच. त्याआधी आपापल्या घरातल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांची नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. एक दिवस ठरवून आपण सगळ्या मिळून त्यांना दाखवून आणू. एकटीने जायला वेळ होत नाही, चौघींनी मिळून होतो.

माझी थोरली तिकडे मागे बसली आहे. आपली गोष्ट सर्वांसमोर सांगू का, असे मी तिला आधी विचारले होते. ती म्हणाली, "सांग, पण राक्षसीण म्हणायच्या ते पण सांग." म्हणून तेही सांगितले.