हुसेन सागर : बांधला कोणी, राखला कोणी?
(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल हैदराबादला गेली होती. 1956 पर्यंत आपला मराठवाडा त्याच राज्यात होता, त्यामुळे ते शहर आपल्याला परके नाही. संध्याकाळी हुसेन सागरच्या बांधावर उभा राहून मी मुलांना तलावाची थोरवी सांगत होतो. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलाने नाकाला रुमाल लावून विचारले, "सर, एवढा चांगला तलाव, मग हा वास कसला?" त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

गोवळकोंड्याचा सुलतान इब्राहिम कुली कुतुबशाह याच्या कारकिर्दीत, 1562-63 च्या सुमारास, मुसी नदीच्या एका उपनदीवर बांध घालून हा तलाव करण्यात आला. काम हुसेन शाह वली या सूफी बुजुर्गांच्या देखरेखीखाली झाले. तलावाला नाव मिळाले ते त्यांचेच, बादशहाचे नव्हे! हैदराबाद शहर वसले 1591 साली. म्हणजे आधी पाणी, मग शहर. पुढे बांधावरच्या रस्त्याने हैदराबाद आणि सिकंदराबाद जोडली गेली. पिण्याचे पाणीही या तलावातून मिळत असे.

1908 साली मुसीला महापूर आला व हजारो माणसे दगावली. त्यानंतर पुराला आळा घालण्यासाठी आणि पाणीपुरवठ्यासाठी उस्मान सागर (1920) व हिमायत सागर (1927) हे जलाशय बांधले गेले. शहराला पाणी तिकडून येऊ लागले. हुसेन सागरचे दुर्दैव येथूनच सुरू झाले, असे मला वाटते. ज्या तलावाचे पाणी आपल्या घरात येत नाही, त्यात काय जाते हे कोण पाहणार? वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांतून आत आले. कुकटपल्लीच्या नाल्याने कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी आणले. मग शुद्धीकरण केंद्रे उभारावी लागली. 2006 साली जपानच्या कर्जातून सुधारणेची मोठी योजना हाती घ्यावी लागली. घाण फुकट झाली, सफाई मात्र कर्ज काढून करावी लागली.

मित्रांनो, पूर्वजांनी काय काय बांधले हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते सांगितलेही पाहिजे. पण बांधणाऱ्यांचे काम एका पिढीत संपते. राखणाऱ्यांचे काम कधीच संपत नाही. आपली शाळाही वडीलधाऱ्यांनी पै-पै जमवून उभी केली. मुलाला शाळेत घातले की आपले कर्तव्य संपले, असे मानणारा पालक आणि पाट्या टाकणारा माझ्यासारखा शिक्षक, दोघेही या तलावात एकेक नाला सोडत असतात.

त्या मुलाला माझे उत्तर एवढेच, "बाळ, बांधणाऱ्यांनी चूक केली नाही. चूक झाली ती आम्हा राखणाऱ्यांची."