गोणपाटावरची साक्ष
(महिला दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही बँकेत आकडे जुळवणारी माणसे. कलेवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. तरीही एका हिशेबाबद्दल आज बोलायचे आहे.

दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले. जनरल पिनोशे यांची राजवट १९९० पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. वर्तमानपत्रांवर पहारा होता. घरचा कमावता माणूस गेलेला आणि दाद मागायला दार नाही, अशी बायकांची अवस्था होती.

राजधानी सांतियागोत या बायका चर्चच्या आश्रयाने जमू लागल्या. गोणपाटाच्या तुकड्यावर जुन्या कपड्यांच्या चिंध्या शिवून त्यांनी चित्रे केली. या चित्रांना ‘आर्पियेरा’ म्हणतात. शब्दाचा अर्थच गोणपाट. वर अँडीज पर्वत, खाली वस्तीतले सामुदायिक स्वयंपाकाचे पातेले, तुरुंगाचे दार, ‘ते कुठे आहेत?’ असे विचारणाऱ्या बायका. काहींनी हरवलेल्या माणसाच्याच कपड्याचा तुकडा त्यात वापरला. जिवाच्या भीतीने नाव मात्र बहुतेकींनी घातले नाही.

१९७६ साली कार्डिनल सिल्वा एन्रिकेस यांनी स्थापन केलेली चर्चची संस्था ही चित्रे विकत घेई आणि गुपचूप परदेशी पाठवी. युरोप-अमेरिकेतील स्त्रिया, चर्चमंडळे आणि चिलीतून परागंदा झालेली माणसे ती विकत घेत, भिंतीवर लावत, आल्यागेल्याला दाखवत. त्या पैशावर सांतियागोतली चूल पेटे, आणि दडपलेली बातमी जगभर पोचे. पुढे पेरूमधील बायकांनीही हे काम उचलले.

आमचा हिशेब एवढाच. परदेशातल्या त्या बायकांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही. त्यांनी दाम मोजले आणि चित्रातले म्हणणे जसेच्या तसे पुढे नेले. भगिनीभाव म्हणतात तो हा.

आता आपल्याकडे पाहू. मंडळाच्या प्रदर्शनात गोधड्या मांडल्या की आपण तोंडभर कौतुक करतो, आणि मग म्हणतो, ‘घरच्याच तर चिंध्या, थोडे कमी करा की!’ शिवणारीचे नाव तर चिठ्ठीवरही नसते. तिला नाव लपवायचे कारण नाही; आपणच विचारलेले नसते.

यंदा प्रत्येक गोधडीवर शिवणारीचे नाव लावू या, आणि ती सांगेल ती किंमत देऊ या. एवढे जमले, तरच दूरच्या बहिणींच्या नावाने टाळ्या वाजवाव्यात.