काडी व्हिएतनामची, भत्ता कोणाला?

ब्रह्मपुरीहून बोलतोय. बाहेर ऊन असं आहे की पंखा बंद करून रेकॉर्डिंग करणं शक्य नाही, तेव्हा मागे घरघर ऐकू आली तर चालवून घ्या.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं की बाहेरच्या देशातला स्वस्त माल आला, त्यामुळे इथलं काम बंद पडलं, तर कामगाराला सरकार काय देतं? एका वाक्यात सांगायचं तर आयातीमुळे काम गेलेल्यांसाठी म्हणून वेगळी योजना आपल्याकडे नाही. पण एवढ्यावर विषय संपत नाही, कारण हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे.

अगरबत्ती घ्या. चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे बांबूचा मुलूख. वैनगंगेच्या अल्याडपल्याड बांबू काही परका नाही. गडचिरोलीत वन विभागाने गावोगावी अगरबत्तीची केंद्रं काढली होती. तिथे बाया मशीनवर काडीला कोळशाची भुकटी आणि जिगट यांचा लेप चढवून कच्ची बत्ती काढायच्या, पैसे किलोवर. अशी लहान लहान युनिटं देशभर आहेत.

आता 2011 साली झालं काय, तर बांबूच्या गोल काडीवरचं आयात शुल्क 30 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणलं गेलं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने नंतर जो हिशोब मांडला त्यानुसार 2009 मध्ये 31 कोटींची कच्ची अगरबत्ती बाहेरून यायची, ती 2019 पर्यंत 546 कोटींवर गेली. मुख्यतः व्हिएतनाम आणि चीनमधून. आणि देशातली जवळजवळ पाव हिस्सा अगरबत्ती युनिटं बंद पडली, असंही आयोगाचंच म्हणणं.

आता कोणी म्हणेल, बांबू आपल्या दारात, मग व्हिएतनाम स्वस्त कसा? काडीला लांब पेराचा, सरळ चिरला जाणारा बांबू लागतो. त्यासाठी ईशान्येकडचा तुल्डा नावाजलेला. आपला मानवेल भरीव, काठीला उत्तम, काडीला तेवढा सोयीचा नाही. शिवाय एका बांबूतून काडी निघते थोडीच, बाकी सगळा चुरा आणि तुकडे. त्या उरलेल्या मालाला गिऱ्हाईक असेल तर काडी स्वस्त पडते. नसेल तर सगळा खर्च काडीच्या डोक्यावर. तेव्हा दोष नुसता शुल्काचा आहे असं मी म्हणणार नाही. पण 30 चं 10 केलं तेव्हा या बाया काय करतील, याचा विचार कुठे झालेला दिसत नाही.

पुढे सरकार जागं झालं, हे मान्य करायला हवं. 31 ऑगस्ट 2019 ला अगरबत्तीची आयात निर्बंधित यादीत टाकली. मग व्यापारी बत्तीऐवजी काडीच जास्त आणायला लागले, म्हणून जून 2020 मध्ये काडीवरचं शुल्क 10 वरून 25 टक्के केलं. पण हे संरक्षण कोणाला मिळालं? मालाला. मधल्या आठनऊ वर्षांत जिचं मशीन बंद पडलं, तिला काय?

आता आपल्याकडे काम गेलेल्या माणसासाठी काय काय आहे ते पाहू. पहिली म्हणजे कपातीची भरपाई. औद्योगिक विवाद कायदा 1947 चा, त्यात भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे, आणि तिच्यात एक भर आहे. कामगाराला नव्या कौशल्यासाठी म्हणून मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार एका निधीत भरायचा आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा.

दुसरी, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. 1 एप्रिल 2005 पासूनची, ईएसआयची. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर बेकारी भत्ता. पहिले बारा महिने पगाराच्या निम्मा, पुढचे बारा महिने पाव. म्हणजे बारा हजार पगार असेल तर ढोबळ हिशोबाने आधी महिना सहा हजार, मग तीन हजार, दोन वर्षांत एक लाख आठ हजार. तिसरी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, 2018 ची. ती नव्वद दिवसांपुरती. आधी पगाराच्या पाव होती, कोरोनाच्या काळात निम्मी झाली.

वाईट नाही. पण या सगळ्यांत शिरायचं दार एकच, ते म्हणजे हजेरीपटावर नाव. ईएसआयला साधारणपणे दहा माणसांची आस्थापना लागते. किलोवर बत्ती वळणारी बाई कुठल्याच पटावर नसते. तिचा मालक कोण हेच ठरत नाही. व्यापारी म्हणतो, मी फक्त माल घेतो. केंद्र चालवणारा म्हणतो, मी फक्त जागा दिली. तिला कोणी कामावरून काढतही नाही. काडी यायची थांबते, एवढंच. कपातीचं पत्र नाही, म्हणून भरपाईही नाही. उरते रोजगार हमी, जी मुळात महाराष्ट्रानेच देशाला दाखवली. पण मशीनवर हात बसलेल्या बाईला मातीकामाला पाठवणं, याला मी मदत म्हणेन, भरपाई नाही.

मोठ्या कारखान्यातही चित्र फार वेगळं नाही बरं का. सिरोंच्याच्या दिशेने गोदावरी ओलांडली की तेलंगणात कमलापूरचा लगदा कारखाना लागतो, तोही बल्लारपूरवाल्याच कंपनीचा. तिथे रेयॉनसाठीचा लगदा व्हायचा. गिऱ्हाइकांना परदेशी लगदा स्वस्त पडू लागला आणि 2014 मध्ये उत्पादन थांबलं. राज्य सरकारने कारखाना परत चालावा म्हणून सवलती देऊ केल्या. त्या कंपनीला.

आता मला सगळ्यात खटकणारी गोष्ट सांगतो. परदेशी माल फार स्वस्तात ओतला जातोय अशी तक्रार करायला केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयात एक यंत्रणा आहे. नियम 1995 चे. अर्ज उत्पादकांनी करायचा, आणि त्याच्या बाजूने उभे राहणारे उत्पादक देशातल्या उत्पादनाच्या किमान 25 टक्क्यांचे हवेत. मग चौकशी होते, देशी उद्योगाला इजा झाली का. ती मोजताना काय काय बघतात? विक्री, नफा, साठा, आणि रोजगार आणि मजुरी. म्हणजे कामगाराचं काम गेलं हा पुरावा म्हणून मोजला जातो! शुल्क लागतं, पैसा तिजोरीत जातो, आणि ज्याच्या नुकसानीवर खटला उभा राहिला त्याचं नाव परत कुठेच येत नाही.

अमेरिकेत 1962 मध्ये, केनेडींच्या काळात, यासाठी थेट कायदाच झाला. कामगारांनी अर्ज करायचा, आयातीमुळे काम गेलं हे सिद्ध झालं की भत्ता आणि प्रशिक्षण. पहिली सात वर्षं कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही, इतक्या अटी कडक. 1974 मध्ये त्या सैल केल्या. पुढे तिघा कामगारांनी मिळून अर्ज केला तरी चालायचा, युनियन हवीच असं नाही. 1 जुलै 2022 पासून तिथेही नवे अर्ज मंजूर करणं थांबलंय. तेव्हा अमेरिकेचं सगळं सोन्याचं, असं समजू नका. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे, ती म्हणजे अर्ज करण्याचा हक्क कामगाराला.

आणि आपल्याला हे जमत नाही असंही नाही. बंद पडलेल्या खासगी कापड गिरण्यांच्या कामगारांसाठी 1986 मध्ये पुनर्वसन निधी निघाला होता. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. 2017 मध्ये तो राजीव गांधी योजनेत विलीन केला. म्हणजे एका धंद्यासाठी वेगळा निधी काढता येतो. मग काडीवरच्या 25 टक्क्यांतला थोडा भाग बांबूच्या बायांसाठी का नाही? रक्कम फार मोठी लागणार नाही. अडचण पैशाची नाही, यादीची आहे. बाया किती आणि कोण, हे लिहूनच ठेवलेलं नाही.

म्हणून ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात असं किलोवरचं काम चालत असेल तर दोन गोष्टी करा. ई-श्रमवर नोंद करून घ्या, 16 ते 59 वयात होते. त्या कार्डावर बेकारी भत्ता मिळत नाही, पण तुम्ही काय काम करता हे सरकारी दप्तरात लिहिलं जातं. आणि दुसरं, एक वही ठेवा. तारीख, किती किलो, किती पैसे, आणि माल नेणाऱ्याची सही. तो सही द्यायला कुरकुर करेल. तरी मागा.

पुढच्या वेळी धानाच्या गिरण्यांमधल्या हंगामी हमालांबद्दल बोलू.